झाड ओळखल्याशिवाय लस नको

थंडी ओसरून हवा कोरडी होऊ लागली की रुग्णालयांच्या ओपीडीत एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण वाढतात. सकाळी अंथरुणातून उठताच ओळीने दहा-पंधरा शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज आणि रात्री छातीत घरघर. ‘हवा बदलली की होतंच’ असे म्हणून घरचे सोडून देतात. यांतल्या काही रुग्णांच्या पिशवीत एक जाड फाइल असते. तिच्यात शंभरावर पदार्थांची रक्ततपासणी, वर्ज्य खाद्यपदार्थांची लांबलचक यादी आणि ‘ॲलर्जीच्या लसी’चे वेळापत्रक असते. इनहेलर चालू आहे का, असे विचारले की उत्तर येते, ‘लस सुरू केली ना, तेव्हापासून बंदच केला.’

काळजी करावी अशी गोष्ट या उत्तरात आहे. ॲलर्जीची लस, म्हणजे इम्युनोथेरपी, हे थोतांड नाही. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आणि चांगल्या दर्जाचे संशोधन आहे. पण या उपचाराचे यश पहिला डोस देण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. त्रास नेमक्या कोणत्या परागकणांचा आहे, त्यांचा खात्रीशीर अर्क उपलब्ध आहे का आणि रुग्णाचा दमा आटोक्यात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दिलेली लस म्हणजे तीन वर्षांचा वेळ आणि पैसा यांची नासाडी. दमेकऱ्याच्या बाबतीत तर ती जिवाशी खेळ ठरू शकते. आपल्याकडे अनेकदा हा क्रम उलटा होतो. आधी लस सुरू होते आणि हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

लस नेमके काय करते?

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधील लेनर्ड नून या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला. गवताच्या परागकणांचा अर्क अगदी सूक्ष्म प्रमाणात टोचायला सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवत नेली, तर ‘हे फीव्हर’च्या रुग्णांचा त्रास कमी होतो, असे त्यात म्हटले होते. परागकणांत विष असते आणि टोचून त्याविरुद्ध प्रतिकार निर्माण करता येतो, अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची होती, पण उपचार लागू पडला. दोनच वर्षांनी नूनचा क्षयाने मृत्यू झाला. त्याचे काम जॉन फ्रीमन या सहकाऱ्याने पुढे नेले.

खरे कारण कळायला १९६६-६७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी आयजीई हे प्रतिपिंड स्वतंत्रपणे शोधून काढले. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाविरुद्ध आयजीई तयार होते आणि नाकातल्या, डोळ्यांतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते. तेच प्रथिन पुन्हा आले की या पेशी फुटून हिस्टामिन आणि इतर रसायने बाहेर टाकतात. मग शिंका येतात, नाक गळते, श्वासनलिका आकसते.

नेहमीच्या गोळ्या आणि नाकातले स्प्रे या रसायनांना किंवा त्यांच्यामुळे आलेल्या सुजेला आवर घालतात. ते चालू असेपर्यंत आराम पडतो. इम्युनोथेरपी एक पायरी आधी काम करते. तेच प्रथिन ठरावीक मात्रेत, दीर्घ काळ देत राहिले की प्रतिकारयंत्रणा त्याला सरावते. नियामक टी पेशी वाढतात, आयजीजी-४ प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात आणि मास्ट पेशींचा भडका कमी होतो. हे इंजेक्शनने साधता येते, तसेच जिभेखाली ठेवायच्या थेंबांनी किंवा गोळीनेही.

हा बदल टिकाऊ असू शकतो, हे या उपचाराचे मोठे वैशिष्ट्य आहे. मात्र त्याला पुरेसा काळ द्यावा लागतो. गवताच्या परागकणांसाठी तीन-चार वर्षे इंजेक्शने घेतलेल्या रुग्णांना ती थांबवल्यावर आणखी तीन वर्षे फायदा टिकल्याचे १९९९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले. उलट, दोनच वर्षे उपचार दिल्यास तो थांबवल्यानंतर वर्षभराने फायदा उरत नाही, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. म्हणजे तीन वर्षे ही सवडीने पाळायची मुदत नाही, ती औषधाच्या मात्रेचाच भाग आहे. सहा महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडणाऱ्याने उपचार घेतला असे म्हणताच येत नाही.

भूर्ज आणि सुगी

झाडांच्या परागकणांविषयी सर्वाधिक माहिती आहे ती उत्तर युरोपातल्या बर्च झाडाची. मराठी वाचकाला भूर्जपत्रे माहीत असतात. हिमालयात उंचावर वाढणारा आपला भूर्ज आणि हा बर्च एकाच कुळातले. वसंतात स्कँडिनेव्हियाच्या हवेत त्याचे परागकण इतके दाट होतात की लाखो लोक औषधांवर दिवस काढतात. बर्चच्या अर्काची जिभेखालची गोळी ६३४ रुग्णांवर तपासली गेली. बर्चच्या हंगामात, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत लक्षणे आणि इतर औषधांची गरज यांचा एकत्रित गुणांक सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. २०१९ मध्ये या गोळीला युरोपात मान्यता मिळाली. एका झाडाचा, ठरलेल्या ताकदीचा अर्क घेऊन मोठी चाचणी करायची आणि मग परवाना द्यायचा, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बर्च आणि गवताच्या परागकणांवर मुलांमध्येही एक महत्त्वाचा प्रयोग झाला. नाकाची ॲलर्जी असलेल्या २०५ मुलांपैकी निम्म्यांना तीन वर्षे इंजेक्शने दिली. सुरुवातीला दमा नसलेल्या मुलांकडे दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा उपचार घेतलेल्या ६४ पैकी १६ जणांना आणि न घेतलेल्या ५३ पैकी २४ जणांना दमा झालेला होता. नाकाच्या ॲलर्जीतून दम्याकडे जाणारी वाट अडवता येईल, ही आशा त्यातून निर्माण झाली. पण हा प्रयोग लहान होता आणि कोणाला काय दिले हे सगळ्यांना माहीत होते. पुढे गवताच्या गोळीची चाचणी ८१२ मुलांवर पाच वर्षे चालली. तिच्यात दम्याची लक्षणे आणि औषधे कमी झाली, पण काटेकोर निकषांवर ठरवलेला दमा टळल्याचे सिद्ध झाले नाही. म्हणून ‘लस घ्या, मुलाला दमा होणार नाही’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहे.

दुसरे उदाहरण जपानचे. तिथल्या सुगी या देवदारासारख्या झाडाची कहाणी भारतातल्या वृक्षारोपण मोहिमांनीही वाचावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानचे डोंगर उघडेबोडके झाले होते. घरबांधणीसाठी लाकूड हवे होते. सरळसोट, झपाट्याने वाढणारी सुगी देशभर लावली गेली. आज ही लागवड सुमारे ४४ लाख हेक्टरांवर आहे. झाडे वयात आली तशी परागकण सोडू लागली. निक्को भागातील रुग्णांच्या आधारे सुगीच्या ॲलर्जीची पहिली वैद्यकीय नोंद १९६४ साली झाली. २०१९ मधल्या, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के निघाले.

जपानने यावर काय केले? परागकणांची मोजणी सुरू केली. टीव्हीवर पावसासारखा परागकणांचाही अंदाज सांगितला जाऊ लागला. सुगीच्या अर्काची ताकद ठरवण्याची पद्धत बसवली. २०१४ मध्ये जिभेखालचे थेंब आले, २०१८ मध्ये गोळी आली. ही गोळी हजाराहून अधिक रुग्णांवर पाच परागहंगाम तपासली गेली. तीन वर्षे घेऊन थांबवल्यावरही दोन वर्षे तिचा गुण टिकला. आरोग्य विम्यातून तिचा खर्च मिळतो. २०२३ मध्ये सरकारने सुगीची लागवड दहा वर्षांत वीस टक्क्यांनी कमी करण्याचा आणि गोळ्यांचा पुरवठा पाच वर्षांत वार्षिक अडीच लाख रुग्णांवरून दहा लाख रुग्णांपर्यंत नेण्याचा आराखडा मांडला.

पहिल्या नोंदीपासून पहिल्या प्रमाणित थेंबांपर्यंत पन्नास वर्षे गेली. आणि एवढे होऊनही ती गोळी सुगीचीच आहे. सुगीनंतर बहरणाऱ्या हिनोकी झाडाचे परागकण सुगीशी मिळतेजुळते असले, तरी सुगीच्या गोळीने हिनोकीचा त्रास सगळ्यांचा तितकासा कमी होत नाही. ही लस इतकी नेमकी असते.

आपल्याकडची झाडे

भारतात परागकणांचा त्रास देणारी झाडे वेगळी आहेत. उत्तर भारतात, विशेषतः दिल्ली-राजस्थानकडे, वावळ आणि वेडी बाभूळ ही दोन नावे पुन्हा पुन्हा पुढे येतात. महारुखही त्या यादीत असतो. वावळ आणि वेडी बाभूळ महाराष्ट्रालाही परकी नाहीत. वावळाच्या चपट्या, पंखवाल्या फळांशी गावाकडची मुले खेळलेली असतात आणि सोलापूर-मराठवाड्याच्या माळांवर वेडी बाभूळ माजलेली आहे. किनाऱ्यावर सुरूची बने आहेत.

लोकांचा संशय मात्र भलतीकडेच जातो. गुलमोहर फुलला की दोष त्याला दिला जातो. भडक रंगाच्या फुलांचे परागकण बहुधा जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या पायांना चिकटून प्रवास करतात. हवेवर स्वार होणारे परागकण हलके, कोरडे आणि संख्येने प्रचंड असतात. ते सोडणारी फुले इतकी बारीक असतात की झाड बहरले आहे हे कळतही नाही. दिवाळीच्या सुमारास सातविणीच्या उग्र वासाने अनेकांचे डोके दुखते, दमेकऱ्यांना धापही लागते. पण वासाने श्वासनलिका चिडणे आणि परागकणांची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वासावर लस चालत नाही. त्या दिवसांत खिडकी बंद ठेवणे आणि नेहमीचा इनहेलर न चुकवणे एवढेच हातात असते.

शिवाय मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गादी-उशांमधल्या धुळीत राहणारा माइट हा सूक्ष्म जीव मोठा आरोपी आहे. त्रास बारमाही असेल, अंथरुणात वाढत असेल, तर झाडांकडे बोट दाखवण्याआधी गादीकडे पाहावे लागते.

हे सगळे उलगडण्यासाठी रुग्णाची कहाणी नीट ऐकावी लागते आणि त्वचेवरची प्रिक टेस्ट करावी लागते. त्याऐवजी रक्ताचे मोठे पॅनेल करण्याकडे ओढा वाढला आहे. अशा अनेक पॅनेलमध्ये युरोपातले बर्च असते, आपल्या रस्त्यावरचा वावळ नसतो. आणि तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे त्या वस्तूमुळेच त्रास होतो, असेही नाही. अनेक निरोगी माणसांच्या रक्तातही एखाद्या परागकणाविरुद्ध आयजीई सापडते. एखाद्याला मार्चमध्ये शिंका येतात, मार्चमध्येच अमुक झाड परागकण सोडते आणि त्याच झाडाची चाचणी पॉझिटिव्ह आहे, या तीन गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के होते.

पुढचा अडसर अर्काचा. आपल्याकडच्या बहुतेक परागकण अर्कांवर किती परागकण किती द्रावणात भिजवले याचे प्रमाण लिहिलेले असते. त्यात ॲलर्जी घडवणारे मुख्य प्रथिन किती आहे, हे कळत नाही. त्यामुळे एका खेपेची बाटली दुसऱ्या खेपेइतकीच ताकदवान असेल याची हमी राहत नाही. वावळ किंवा वेड्या बाभळीच्या अर्काची बर्च-सुगीच्या तोडीची मोठी चाचणीही आपल्याकडे झालेली नाही. त्यात एकाच बाटलीत आठ-दहा अर्क मिसळण्याची पद्धत आहे. यामुळे प्रत्येकाची मात्रा कमी होते. बुरशी किंवा झुरळाचा अर्क त्यात असेल, तर त्यातली विकरे परागकणांची प्रथिने नासवतात. भारतीय तज्ज्ञांच्या संघटनेने इम्युनोथेरपीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, २०१७ मध्ये त्या सुधारल्याही आहेत. त्या पाळणारे डॉक्टर आहेत. पण प्रत्येक दवाखान्यात त्या पाळल्या जातात का, हे पाहणारी यंत्रणा कुठे दिसत नाही.

दमा असेल तर

लस टोचल्यावर क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, दम कोंडतो, रक्तदाब कोसळतो. ब्रिटनमध्ये १९५७ पासून अशा उपचारात २६ मृत्यू झाल्याचे तिथल्या औषध सुरक्षा समितीने १९८६ मध्ये जाहीर केले. ज्या १७ जणांना लस कशासाठी दिली होती याची नोंद होती, त्यांपैकी १६ जणांना ती दम्यासाठी दिलेली होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये या उपचारावर कडक बंधने आली. पुढे जगभर नियम सुधारले आणि आज योग्य ठिकाणी दिल्यास असे मृत्यू अत्यंत विरळ आहेत. अमेरिकेत १९९० ते २००१ या काळात सुमारे २५ लाख इंजेक्शनांमागे एक, असे प्रमाण होते. पण धडा तोच राहिला: आटोक्यात नसलेला दमा हा मुख्य धोका. फुफ्फुसाची क्षमता अपेक्षित प्रमाणाच्या ७० टक्क्यांहून कमी असताना लस सुरू करत नाहीत. ज्या दिवशी छाती भरलेली आहे, त्या दिवशीचा डोस पुढे ढकलतात.

म्हणूनच ‘लस सुरू केली, इनहेलर बंद केला’ हे वाक्य घातक आहे. इनहेलरने दमा आटोक्यात ठेवणे ही लसीची पूर्वअट आहे. लस गुणकारी ठरली तर वर्षा-दोन वर्षांत डॉक्टर इनहेलरची मात्रा कमी करू शकतात. रुग्णाने ती आपणहून शून्यावर आणायची नसते. जागतिक आजारभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. या तफावतीची कारणे अनेक आहेत. ‘इनहेलरची सवय लागते’ हा गैरसमज त्यातले एक मोठे कारण. या गैरसमजाला लसीच्या जाहिरातीने खतपाणी मिळता कामा नये.

याचा अर्थ लस नाकारावी असा नाही. हंगामी त्रास स्पष्ट आहे, कारण एक-दोन परागकणांपुरते नेमके ठरले आहे, स्प्रे आणि गोळ्या नियमित घेऊनही झोप-शाळा-काम बिघडते आहे, दमा सौम्य आणि आटोक्यात आहे, अशा रुग्णाला तिचा विचार करण्याचा पूर्ण हक्क आहे. आज हा हक्क मुख्यतः खासगी दवाखान्याची फी परवडणाऱ्यांनाच मिळतो.

सरकारला करण्यासारखे बरेच आहे. मोठ्या शहरांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत परागकण मोजणारी यंत्रे बसवता येतील. चंडीगडने आपल्या शहराची परागकण दिनदर्शिका बनवली आहे. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला ते अशक्य नाही. वावळ, वेडी बाभूळ यांच्या अर्कांची ताकद ठरवण्याचे मानक करून त्यांची सार्वजनिक पैशातून चाचणी घेता येईल. वैद्यकीय महाविद्यालयांच्या छातीविकार आणि कान-नाक-घसा विभागांत प्रिक टेस्टची सोय करता येईल. आणि वृक्षारोपणात एकाच जातीची रांग लावण्याचा मोह टाळता येईल. जपानला तो मोह फार महागात पडला.

तोवर रुग्णाने लस घेण्याआधी काही प्रश्न विचारावेत. त्रास कोणत्या झाडाचा आहे आणि ते इथे कोणत्या महिन्यात परागकण सोडते? बाटलीत किती अर्क एकत्र आहेत? इंजेक्शननंतर अर्धा तास थांबवून ठेवतात का आणि खोलीत ॲड्रेनलिन तयार असते का? फुफ्फुसाची तपासणी केली का? रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितले का? वर्षभरात काहीच फरक पडला नाही तर पुढे काय करणार? या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरकडून लस न घेतलेली बरी.

आणि एक साधी गोष्ट घरीच करता येते. शिंका कोणत्या तारखेला सुरू झाल्या, कुठे वाढल्या, कधी थांबल्या, किती वेळा इनहेलर लागला, हे एका वहीत हंगामभर लिहून ठेवावे. परागकणांची लस हंगामाच्या काही महिने आधी सुरू करायची असते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्रास होणाऱ्याने ती वही घेऊन सप्टेंबरातच डॉक्टरांकडे जावे. मधल्या काळात स्प्रे आणि इनहेलर बंद करू नये.